मिठाच्या हातांची चाचणी

आमच्या प्रयोगशाळेतलं बोट पितळेचं होतं. जाडी आठ मिलिमीटर, टोकाला वीज वाहून नेणाऱ्या रबराची टोपी. यंत्राच्या दांड्याला अडकवलेलं ते बोट दिवसभरात फोनच्या काचेला वीस हजार वेळा शिवायचं. ते नेहमी कोरडं असायचं, स्वच्छ असायचं आणि कधी थकायचं नाही. फोन बनवणारी आमची कंपनी युरोपातली. तिने ते तिकडून चीनमधल्या सूचौच्या केंद्रात पाठवलं होतं आणि त्याची जबाबदारी माझ्याकडे होती. पदवी घेऊन मला तेव्हा दीड वर्ष झालं होतं.

ऑक्टोबरात एका सकाळी हौ मास्तरांनी माझ्या टेबलावर पाण्याचा वाडगा आणून ठेवला. हौ मास्तर आमच्याकडचे सगळ्यात जुने तंत्रज्ञ, यानचंगचे, म्हणजे मिठागरांच्या मुलखातले.

"बोट यात बुडव आणि मग चाचणी घे," ते म्हणाले.

"काय आहे यात?"

"मिठवणी. दुसरं काय असणार?"

"मास्तर, यादीत पाऊस आहे आणि नळाचं पाणी आहे. मिठवणी नाही."

"यादी कोणी केली? ज्यांना मासा कापून, साफ करून, कागदात गुंडाळून मिळतो त्यांनी. आपल्याकडची कोळीण एका हातात मासा धरून दुसऱ्याने फोन उचलते. घे चाचणी, तुझ्या बोटाला सर्दी नाही होणार."

मी बोट बुडवलं. फोनची काच बोट ओळखते ती विजेच्या बारीकशा फरकावरून. साध्या पाण्याचा थेंब पडला तर काच थोडी गोंधळते आणि सावरते. मिठाचं पाणी मात्र वीज चांगली वाहून नेतं. बोटाभोवती त्याचा ओघळ पसरला की काचेला तो ओघळही बोटच वाटतो. पडद्यावर एका ठिपक्याच्या जागी शेपूट उमटलं आणि ते वर वर सरकू लागलं. बोट तर जागचं हललेलं नव्हतं.

"आता बोलून निरोप पाठव," मास्तर म्हणाले.

वीचॅटवर, म्हणजे आमच्याकडच्या निरोपांच्या अ‍ॅपवर, बोलून निरोप पाठवायचा तर बटण दाबून धरायचं आणि बोलायचं. बोट उचललं की निरोप जातो. दाबलेलं बोट वर सरकवून उचललं तर निरोप रद्द होतो. मी पाच वेळा करून पाहिलं. तीनदा निरोप रद्द झाला.

याची नोंद करायला तीन रकाने होते : नेहमीचा वापर, क्वचित वापर, गैरवापर. पहिल्या दोनांपैकी कुठलाही भरला तर दोष दुरुस्त होईपर्यंत फोन बाजारात यायचा थांबला असता. गुरुवारच्या बैठकीत विलेम पडद्यावर आला. तिकडचा आमच्या विभागाचा प्रमुख, सभ्य माणूस. त्याने नोंद नीट वाचलेली होती.

"शूयी, मी तुमच्या देशात दोनदा आलोय, दोन्ही वेळा हॉटेलात राहिलोय," तो म्हणाला. "म्हणून तुलाच विचारतो. हात मिठाच्या पाण्यात असताना फोन वापरणारे किती लोक असतील तुमच्याकडे?"

हौ मास्तर माझ्या शेजारी बसले होते. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. ते माझ्याकडे बघत होते.

माझी आई गाओयौला, आमच्या गावी, बदकाची अंडी खारवते. चिकणमाती, मीठ आणि राख यांच्या काल्यात अंडं घोळवायचं आणि रांजणात मुरत ठेवायचं. वर्षातले सात महिने तिचे हात मनगटापर्यंत त्या खाऱ्या चिखलात असतात. आमच्या गल्लीतले सगळेच हात तसे. हे केंद्रात कोणालाही माहीत नव्हतं. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात कोणीतरी विचारलं तेव्हा, आई खाद्यपदार्थांच्या व्यवसायात आहे, असं मी म्हणाले होते. पुढे तेच चालू राहिलं.

"पुष्कळ" म्हटलं असतं, तर विलेमने पुढे विचारलं असतं की तुला कसं माहीत.

"थोडे," मी म्हणाले. "फार थोडे."

गैरवापराच्या रकान्यात मी खूण केली. बैठक संपल्यावर मास्तरांना सांगितलं की तिकडून नाही म्हणाले. त्यांनी वाडगा मोरीत रिकामा केला.

"बरं. तू शिकलेली, तुला जास्त कळतं," ते म्हणाले. त्यात टोमणा होता की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही.

फोन डिसेंबरात बाजारात आला. दिसायला देखणा होता. त्याच सुमारास एका देशी कंपनीने आपल्या नव्या फोनची जाहिरात लावली. एक टकलू माणूस कोपरापर्यंत तिखट रस्सा ओघळेस्तोवर झिंगे सोलून खातोय, आणि त्याच बोटांनी बायकोचा फोन घेतोय. आम्ही जेवणाच्या सुट्टीत ती पाहून खूप हसलो. फेब्रुवारीपर्यंत आमच्या हसण्यातला जोर गेला. देशात विकल्या जाणाऱ्या शंभर फोनांत आमचा जेमतेम एक उरला होता. एप्रिलच्या शेवटी तिकडून पत्र आलं की कंपनी चीनच्या बाजारातून माघार घेत आहे आणि सूचौचं केंद्र बंद होत आहे.

दरम्यान नव्या वर्षाच्या सणाला मी आईला तोच फोन नेऊन दिला होता. कर्मचाऱ्यांना सवलतीत मिळायचा. तिने आपला चांगला चालणारा देशी फोन माझ्या मावशीला देऊन टाकला आणि गल्लीभर सांगितलं, "पोरीच्या कंपनीचा आहे."

मेच्या सुट्टीत मी सगळं सामान घेऊन घरी आले. ड्रॅगन होड्यांच्या सणाला घरोघरी खारवलेली अंडी लागतात. त्याला पाच आठवडे होते आणि अंडी मुरायला चार लागतात, त्यामुळे आई पहाटेपासून शेडमध्येच होती.

"काढलं ना कंपनीने?" तिने विचारलं. माझी बॅग अजून खांद्यावरच होती.

"काढलं नाही. केंद्रच बंद होतंय. सगळेच जाणार."

"सगळ्यांना काढलं म्हण मग. बस इथं. पदार्थविज्ञान शिकलीस ना? हा चिखल कालव. हाही पदार्थच आहे."

मी बाह्या वर केल्या. थोड्या वेळाने एक अनोळखी पोऱ्या टेम्पोतून अंड्यांच्या टोपल्या आदळून गेला. आमच्याकडे अंडी आणायचे ते बियान काका. सरोवराकाठून तीनचाकीवरून यायचे, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मोजकं बोलणारे.

"बियान काका आजारी आहेत?"

"कुनमिंगला गेला. मुलाकडे. दहा-बारा दिवस झाले."

"कायमचे?"

"मला काय माहीत. चिखल घट्ट झालाय तुझा, पाणी घाल."

मग तिला मावशीला काहीतरी सांगायचं आठवलं. फोन फळीवर उभा ठेवलेला होता. तिने हात झटकला, बोटाचं पेर काचेवर दाबलं आणि तोंड जवळ नेऊन मोठ्याने बोलू लागली. पेरावरून पाण्याचा ओघळ काचेवर पसरला. मला दोन पावलांवरून दिसलं. बटणाची खूण लाल झाली, आईने बोट उचललं आणि तिचं बोलणं पडद्यावरून गेलं. कुठे काही उरलं नाही. ती समाधानाने परत अंड्यांकडे वळली.

"काय म्हणालीस मावशीला?"

"दुहेरी बलकाची बारा अंडी बाजूला ठेवलीत, शनिवारी येऊन ने."

"ते गेलंच नाही, आई."

"गेलं की. बोलले ना मी."

"बघ इथे. काहीच नाहीये."

"चष्मा घरात आहे," ती म्हणाली आणि मग थांबली. "तरीच ती परवा म्हणाली, ताई, तू हल्ली बोलत का नाहीस. मी म्हटलं, तूच बहिरी झालीस."

मी खारट बोट काचेवर दाबून पाच वेळा बोलले. तीनदा रद्द. ऑक्टोबरात आला होता तोच आकडा. मग हात पुसून माझा फोन काढला आणि एप्रिलमधले आईचे निरोप बघितले. जे होते ते सगळे संध्याकाळी सातनंतरचे होते, हात धुतल्यानंतरचे. जेवलीस का, थंडी आहे का. दिवसाचा एकही नव्हता.

"मला दिवसा काही पाठवलं होतंस का?"

"नाही," आई लगेच म्हणाली. फार लगेच.

"आई."

तिने अंडं राखेत फिरवलं, रांजणात ठेवलं, दुसरं घेतलं. "तीनदा बोलले होते. तुझं उत्तर नाही आलं. मी काय समजायचं ते समजले."

"काय समजलीस?"

"की तुला नको आहे."

"काय नको आहे?"

"बियान."

शेजारच्या शेडमध्ये कोणीतरी रेडिओ लावला होता. आई आवाज न चढवता बोलत राहिली, त्यामुळे मला जवळ सरकावं लागलं.

"छिंगमिंगच्या सणाला तुझ्या बाबांचं थडगं झाडून आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं. मुलगा कुनमिंगला बोलावतोय, पण तू राहा म्हणालीस तर राहतो. एवढंच बोलला. मी म्हटलं, पोरीला विचारते. मग तुला सांगितलं सगळं, तुझ्या बाबांचं नाव घेऊनच सांगितलं. त्या संध्याकाळी तू मला नूडल्सच्या वाडग्याचा फोटो पाठवलास, कचेरीखाली नवं दुकान उघडलंय म्हणून. मी म्हटलं, पोरगी विषय टाळतेय. दुसऱ्यांदा बोलले तेव्हा लिहिलंस, आज फार काम आहे. तिसऱ्यांदा तेही नाही."

"फोन करायचास मला."

"अशी गोष्ट तुझा श्वास ऐकत विचारता येते होय?"

"निदान संध्याकाळी, हात धुऊन..."

"हात रिकामे असले की तोंडातून निघत नाही," आई म्हणाली.

मी तिला सांगितलं. वाडगा, तीन रकाने, विलेमचा प्रश्न, माझं उत्तर. जसं घडलं तसं, क्रमाने. ती मध्ये एकदाच बोलली.

"थोडे? या गल्लीतच चाळीस घरं आहेत."

"मला माहीत होतं."

"मग?"

"मग त्यांनी विचारलं असतं, तुला कसं माहीत. तिथे मी सांगितलं होतं की तू खाद्यपदार्थांच्या व्यवसायात आहेस."

आईने ते शब्द मनात फिरवून पाहिले असावेत. "मोठं वाटतं ऐकायला," ती म्हणाली.

मी त्यानंतर बराच वेळ चिखल कालवत होते. विलेमला आमच्या देशातली माणसं माहीत नव्हती आणि त्याने ते कबूल केलं होतं. म्हणून तर त्याने मला पगार देऊन ठेवलं होतं, विचारायला. आमची कंपनी या बाजारात का हरली याची कारणं मासिकांत छापून आली, आणि ती बहुधा बरोबरच असतील. त्यांत माझा एक शब्द कुठेच बसत नाही, एवढा तो लहान आहे. पण या शेडमध्ये तो एकटाच पुरेसा ठरला होता.

"मी बियान काकांना फोन करते," मी म्हणाले. "सांगते, चूक माझी होती."

"काय सांगशील? आईचा निरोप फोनने गिळला? तो म्हणेल, बाईचं मन फिरलं आणि आता यंत्रावर ढकलतेय. आणि मी त्याला काय म्हणाले होते माहितेय? पोरीला नको आहे, असं सरळ म्हणाले. त्याने मान हलवली आणि टोपल्या उतरवून गेला. त्या दिवशी एकही अंडं फुटलेलं निघालं नाही. या पोऱ्याच्या दर खेपेला वीस निघतात." तिने चिखलाचं भांडं स्वतःकडे ओढलं. "तिथे त्याला खोली दिलीय मुलाने. नातवाला शाळेत सोडतो. राहू दे."

"तुला राहू द्यायचंय?"

रेडिओवर हवामान सांगत होते. आईने पाच-सहा अंडी हातावेगळी केली, मग माझ्याकडे न बघता विचारलं, "पोचलं असतं तर काय म्हणाली असतीस?"

"हो म्हणाले असते," मी म्हणाले.

बोलून टाकलं, आणि मग एप्रिलमधली मी आठवून पाहिली. जेवणाच्या सुट्टीत कानाशी फोन धरून ते बोलणं दोनदा ऐकलं असतं. शेजारच्या टेबलावरच्यांनी काही ऐकलं का, हे आधी बघितलं असतं. मग बियान काकांची तीनचाकी आठवली असती, त्यांच्या कोटाला येणारा बदकांचा वास आठवला असता. पुढे माझ्या लग्नात ओळखीच्या लोकांना त्यांची ओळख कशी करून द्यायची, हेही मनात आलं असतं. शेवटी मी बहुधा लिहिलं असतं, घरी आल्यावर बोलू. 'हो' लिहिलं असतं याचा माझ्याकडे काहीही पुरावा नव्हता.

आईने आता मान वर केली होती. लहानपणी मी गणित न सोडवताच उत्तर सांगायचे, तेव्हा ती अशीच बघायची.

"विचार करून सांग," ती म्हणाली. "आता घाई नाहीये."