मैदानापर्यंत

शाळेत त्यांना सगळे शिट्टीबाई म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. सगळी नोकरी त्यांनी मैदानावर काढली. पोरींना धावायला शिकवलं, उड्या मारायला शिकवलं आणि "पोटात दुखतंय बाई" म्हणणारीला एक फेरी जास्तच मारायला लावली. निवृत्त झाल्यावरही उजाडलं की बूट चढवून त्या घराबाहेर. नवरा गेला त्या वर्षीसुद्धा हे चुकलं नाही. उलट त्या वर्षी त्या जास्तच धावल्या. थांबलं की घर खायला उठायचं.

आणि मग उजव्या गुडघ्यानं दगा दिला.

आधी नुसती कुरकुर होती. पुढे जिना उतरताना कळ यायला लागली, सकाळी पाय लाकडासारखा ताठ, खुर्चीतून उठताना तोंडातून "आई गं" निघायचं. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला. "ऑस्टिओआर्थ्रायटिस. सांध्यातली गादी झिजलीय. धावणं आता विसरा."

विसरा! जशी काही रिक्षात छत्रीच विसरायची होती.

बाईंनी मग एकदम दुसरं टोक गाठलं. धावायचं नाही ना, मग चालायचंही नाही. खिडकीशी खुर्ची ओढून घेतली आणि बसून राहिल्या. खिडकीतून मैदान दिसत नसे, पण वारा तिकडचा असला की पोरींचा कालवा ऐकू यायचा आणि मध्येच शिट्टी. शिट्टी वाजली की बसल्या जागी पोटऱ्या आवळल्या जायच्या. दुसऱ्या गावी असलेला मुलगा फोनवर म्हणायचा, "आई, उगाच हिंडत जाऊ नकोस." बाई म्हणायच्या, "हिंडतेय कुठली! या खुर्चीला चाकं फुटली तरच."

शेवटी सुनेनं परस्पर फिजिओथेरपिस्टची वेळ घेऊन दिली. ती पोरगी दिसायला कॉलेजात जाणारी वाटे. आवाज मऊ, पण मागे हटायची नाही.

"दिवसभरात किती वेळ बसता बाई?"

"दिवसभर म्हणजे दिवसभर."

"म्हणूनच गुडघा आखडतो. हालचाल झाली तरच सांध्याला वंगण मिळतं. मांडीचा स्नायू बळकट करू, म्हणजे गुडघ्याचा थोडा भार तो उचलेल. आणि चालायचं. थोडं चालायचं, फार दुखायच्या आत बसायचं, परत उठायचं."

"दुखायच्या आत? मी पोरींना दुखलं तरी पळा म्हणून शिकवलं."

"त्यांचे गुडघे नवे होते."

पोरीनं त्यांच्या डाव्या हातात काठी दिली. "अगं, दुखतोय उजवा!" "म्हणूनच डाव्या हातात," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाई काठी घेऊन निघाल्या. आधी जिन्यात कान देऊन ऐकलं, कुणी नाही ना. ज्या रस्त्यानं त्या इतकी वर्षं सुसाट गेल्या होत्या तो आज संपता संपेना. कोपऱ्यावरचं घड्याळवाल्याचं दुकान आलं तोवर पाय बोलायला लागला. दुकानापुढे हातभर रुंद ओटा होता. बाई घुटमळल्या.

घड्याळवाले म्हातारे गृहस्थ होते. डोळ्याला लावलेलं भिंग काढून म्हणाले, "बसा की बाई. जागा तुमच्या घरचीच आहे."

"म्हणजे?"

"साहेब रोज इथेच बसायचे."

साहेब म्हणजे बाईंचा नवरा. नकाशे काढायची त्याची नोकरी, आणि चालणंही तसंच, जसं काही प्रत्येक पाऊल पट्टीनं मोजून टाकायचं. संध्याकाळी दोघं बरोबर निघायची. बाई "चला की हो!" करत पुढे जायच्या, मैदानावर फेऱ्या मारायच्या आणि परत येताना त्याला वाटेत गाठायच्या. बऱ्याचदा तो याच दुकानाशी असे. या माणसाला गप्पा मारायला कुठलंही दुकान पुरतं, असं त्यांचं कायमचं मत.

"गप्पिष्टच होते," बाई टेकत म्हणाल्या.

"छे हो! बोलायचे कुठे? गुडघे चोळत बसायचे."

"कुणाचे गुडघे?"

घड्याळवाल्यांनी हातातला चिमटा खाली ठेवला. "त्यांचेच. दोन्ही. तुम्हाला ठाऊक नाही?"

बाईंनी नकारार्थी मान हलवली.

"मी म्हणायचो, अहो घरी सांगा. तर म्हणायचे, सांगितलं तर ती माझ्या चालीनं चालायला लागेल. आणि मग धावत येताना कशी दिसेल मला?" त्यांनी रस्त्याकडे बोट दाखवलं. "त्या वळणाकडे तोंड करून बसायचे. तुम्ही दिसलात की म्हणायचे, आली बघा. आणि पटकन उठून उभे राहायचे."

बाईंनी वळणाकडे पाहिलं. एक सायकल आली, पिशव्या घेतलेल्या दोन बायका आल्या, शाळेची मुलं आली. बाई बघतच राहिल्या. घामानं भिजलेली, केस विस्कटलेली, दमदार पावलं टाकत येणारी एक बाई तिथून आत्ता यावी आणि इथे बसलेल्याला दिसावी, असं त्यांना अगदी आतून वाटलं. तोही नव्हता आणि ती बाईही नव्हती. घड्याळवाले भिंग लावून कामाला लागले.

घरी आल्यावर मात्र बाईंचा पारा चढला. एवढा संसार केला, आणि या माणसानं गुडघे लपवले! गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी घेऊन त्यांनी व्यायाम सुरू केला तो दात-ओठ खाऊन. सांगितलं होतं त्याच्या कितीतरी पट केला. सकाळी गुडघा टम्म फुगलेला.

"रागानं व्यायाम केलात?" फिजिओथेरपिस्ट पोरीनं बर्फ लावत विचारलं.

"तुला कसं कळलं?"

"गुडघा सांगतो."

बाईंनी तिला सगळं सांगून टाकलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "सूज उतरू दे. मग परत सुरू करायचं. पण निम्म्यानं."

बाईंनी निम्म्यानं सुरू केलं. शिस्तीच्या होत्या, शिस्त आता आवरण्याची होती, एवढंच. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. चांगला दिवस आला म्हणून हुरळून जायचं नाही, वाईट आला म्हणून खुर्ची धरायची नाही. ओट्यावर टेकल्या की मनातल्या मनात त्याच्याशी बोलायच्या. तुमचं कुठे दुखायचं हो, आतल्या बाजूला की वाटीखाली? पावसाळी हवेत जास्त व्हायचं का? जिन्यात तुम्ही मुद्दाम मला पुढे घालायचात, ते यासाठीच ना? साध्या गोष्टी होत्या, दोन म्हाताऱ्यांनी चहा पिताना बोलायच्या. एका घरात दोघं मिळून दुखलो असतो, बाईंना वाटायचं, तर काय मजा आली असती. मी तुम्हाला टॉवेल गुंडाळून दिला असता आणि तुम्ही न करता नुसते झोपून राहिला असतात. मी ओरडले असते.

ओट्यानंतर औषधाच्या दुकानाची पायरी, मग बसस्टॉपचा बाक. असं टेकत टेकत थंडी सरता सरता एके दिवशी बाई मैदानावर पोचल्या.

पोरी रिलेचा सराव करत होत्या. तांबडी माती उडत होती. बॅटन हातात घ्यायला मागे हात करून उभी राहिलेली एक उंच पोरगी बघून बाईंच्या तळव्याला मुंग्या आल्या. एकदाच धावावं, फक्त समोरच्या भिंतीपर्यंत. पायांनाच ती ओढ होती, त्यांना डॉक्टरांचं कुणी सांगितलंच नव्हतं. बाईंनी काठी घट्ट धरली आणि ती लाट ओसरू दिली. ओसरायला बराच वेळ लागला.

नव्या खेळशिक्षिका लगबगीनं आल्या. एकेकाळी याच बाईंच्या हाताखाली शिकलेल्या. "बाई! या, बसा. काही सांगाल का यांना? बॅटन फार पाडतात."

बाई कडेच्या बाकावर टेकल्या. "ती उंच पोरगी मागे वळून बघते. हाताला विश्वास नाही तिच्या."

"शनिवारी याल? बसून शिकवा."

"बसून मी कधी शिकवलंय का?" बाई म्हणाल्या. मग काठी बाकाला टेकवत, "खुर्ची उंच हवी. बुटक्या खुर्चीतून मला उठता येत नाही."

तेवढ्यात मुलाचा फोन आला. मागचा गलका ऐकून तो घाबरला. "आई, कुठेयस तू? बरी आहेस ना?"

"गुडघा नाही बरा. मी बाहेर आहे."

"एकटी?"

बाईंनी धावणाऱ्या पोरींकडे पाहिलं. "हो रे," त्या म्हणाल्या, "एकटीच."

फोन ठेवून त्यांनी उन्हाचा अंदाज घेतला. काळोखाच्या आत घरी पोचायचं तर आता निघायला हवं होतं. पाय मागे घेतले, अंग पुढे झुकवलं, मांड्यांवर जोर दिला आणि उठल्या. कळ आली. ती जाईपर्यंत उभ्या राहिल्या, पोरींची एक फेरी शेवटपर्यंत पाहिली आणि मग डाव्या हातात काठी घेऊन फाटकाकडे निघाल्या.