मिसरोदहून आलेला प्रश्न

मित्रांनो, मी एक जुनी चौकट आहे. दाराखिडकीची नव्हे आणि तसबिरीचीही नव्हे. एखादी वेबसाइट उघडली की वरच्या बाजूला एक पांढरी, लांबट, रिकामी पट्टी दिसते आणि तिच्या टोकाला इवलंसं भिंग असतं, ती मी. लोक मला सर्च म्हणतात. हवं ते माझ्यात लिहायचं, भिंगावर बोट टेकवायचं, की मी वेबसाइटभर धावत जाऊन ते शोधून आणते. ऐकायला सोपं वाटतं. पण माझा स्वभाव पहिल्यापासून काळजीखोर, आणि हे काम काळजीखोराने करण्यासारखं मुळीच नाही.

भोपाळच्या महाराणा प्रताप नगरात, कोचिंग क्लासच्या पाट्यांच्या गर्दीत, देवपुजारींचं रुग्णसाहित्याचं दुकान आहे. घरात आजारी माणूस असला की ज्या वस्तू लागतात त्या तिथे विकत मिळतात आणि भाड्यानेही. वरखाली होणारे पलंग, वाफेची यंत्रं, व्हीलचेअर, आणि खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन वेगळा करून नळीने नाकापर्यंत पोचवणारी यंत्रं. दुकानाचे मालक उदयकाका. त्यांचे वडील सरकारी कचेरीबरोबर नागपूरहून इथे आले आणि इथलेच झाले. काका घरी शुद्ध मराठी बोलतात आणि गल्ल्यावर बसले की कोणती भाषा बोलतात ते त्यांनाही सांगता येणार नाही.

माझा जन्म काकांच्या भाच्याच्या, परागच्या हातून झाला. त्याने दुकानाची वेबसाइट केली, तिच्या माथ्यावर मला बसवलं आणि मला दोन गोष्टी शिकवल्या. लिहिलेले सगळेच्या सगळे शब्द ज्या पानावर असतील तेच पान आणायचं, ही पहिली. असं पान नसलं तर लाल अक्षरांत ‘काहीही सापडले नाही’ असं सांगायचं, ही दुसरी. कोणी माझ्यात निबंध लिहू नये म्हणून त्याने माझी जागाही आखून दिली. ती संपली की पुढचं अक्षर उमटतच नाही. शिवाय कोणी काय विचारलं ते मागे साठत राहील अशी सोयही त्याने करून ठेवली. मग त्याला पुण्यात नोकरी लागली आणि तो निघून गेला.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. येणाऱ्याजाणाऱ्याला उदयकाका मुद्दाम मला दाखवत. “काहीही लिहा साहेब, आत्ता काढून देते,” म्हणत. मी वॉकर काढून दाखवी, गादी काढून दाखवी, आणि काकांची छाती फुगे. दुकानातल्या काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर मी दिवसभर उघडी असते, त्यामुळे तिथलं बोलणंही माझ्या कानावर पडतं. कौतुक ऐकायला कोणाला आवडत नाही?

पण नव्याचे नऊ दिवस. लोक मला वस्तूंची नावं विचारीत होते तोवर ठीक होतं. हळूहळू ते प्रश्न विचारू लागले. ‘मशीन से पानी टपक रहा है’. ‘नाक सूख रही है’. ‘लाइट जाने पर मशीन’. मी वेबसाइटच्या टोकापासून टोकापर्यंत धावे. तिथे वस्तूंचे फोटो होते, किमती होत्या, दुकानाचा नकाशा होता, पण उत्तर नव्हतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मी लाल अक्षरं पुढे करी आणि माणूस निघून जाई. तो कुठे गेला, त्याच्या घरात कोण खोकत होतं, हे मला कधीच कळत नसे. त्याने माझ्या जिवाला घोर लागून राही.

त्यातला एक प्रश्न मात्र मला ओळखीचा झाला. भोपाळात बहुतेक सगळे हिंदीत विचारतात. हा शहराच्या कडेच्या मिसरोद भागातून मराठीत येई, तोही सरकारी पत्रासारखा. ‘मिसरोद. कृपया कळवावे की वीज गेल्यास पत्नीचे ऑक्सिजनचे यंत्र किती वेळ चालते. आपला विश्वासू, प्र’. इथे माझी जागा संपे. नाव लिहायला सुरुवात करावी आणि चौकट भरावी, असं दर वेळी होई. लिहिणारे कोणी निवृत्त आजोबा असावेत, असं मी धरून चालले होते. त्यांना बहुधा वाटत असावं की पलीकडे कोणीतरी कारकून बसला आहे आणि आज ना उद्या तो उत्तर देईल. उत्तर आलं नाही की ते थोडे दिवस थांबत आणि पुन्हा तेच पत्र लिहीत. पुन्हा मी तीच लाल अक्षरं दाखवी. मला शरमेने मेल्यासारखं होई.

याच सुमारास दुकानात केतकी आली. इंदूरच्या शिक्षकांची मुलगी, लिहायची हौस असलेली. वेबसाइटवर लेखांचं एक पान असतं, त्याला ब्लॉग म्हणतात. तो लिहायचं काम काकांनी तिला दिलं. केतकी हुशार होती. मनाला येईल ते लिहिण्याऐवजी तिने आधी मला आलेले प्रश्न उघडून बघितले. मला किती आनंद झाला म्हणून सांगू. पण तिने बघितली ती फक्त सगळ्यात वरची ओळ. सर्वांत जास्त वेळा कोणता शब्द विचारला गेला? व्हीलचेअर.

मग काय, व्हीलचेअरवर लेखच लेख सुरू झाले. व्हीलचेअर कशी निवडावी, कशी पुसावी, जिन्यापाशी काय करावं. लेख चांगले होते, पण वाचायला कोणी फिरकेना. केतकी रोज सकाळी वाचकांचा आकडा बघे आणि तिचा चेहरा उतरे. मी आतल्या आत ओरडत होते, अगं खाली बघ, खालच्या ओळी बघ. पण चौकटीला तोंड कुठे असतं? रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा सारा प्रकार चालला होता.

उलगडा झाला तो एका दुपारी. काउंटर सांभाळणारा गिरीश फोनवर कोणाला तरी भाव सांगत होता आणि बोलता बोलता त्याने माझ्यात ‘व्हीलचेअर’ लिहिलं. केतकी शेजारीच उभी होती.

“गिरीशभाऊ, हे तुम्ही रोज लिहिता?” तिने फोन संपल्यावर विचारलं.

“हो ना. रेट बघायचा असतो. मेन्यूतून जायला टाइम लागतो, इथे टाकलं की झट खुलतं. प्रत्येक फोनला टाकतो.”

केतकी मटकन स्टुलावर बसली. “म्हणजे इतके दिवस मी तुमच्यासाठी लिहीत होते.”

“मला कशाला मॅडम, माझे पाय तर ठीक आहेत,” गिरीश अगदी मनापासून म्हणाला.

दुकानच दुकानाला विचारत होतं आणि त्यालाच गिऱ्हाइकाची मागणी समजून सगळे खूश होते. केतकीने हसण्यावारी नेलं नाही. तिने काउंटरवरून विचारलेले सगळे शब्द वगळले. मग ज्या प्रश्नांना काहीच उत्तर मिळालं नव्हतं, तेवढेच तिने बाजूला काढले आणि एकेक वाचत गेली. मिसरोदच्या पत्रापाशी ती थांबली. ते तिने दोनदा वाचलं. मग तारखा बघितल्या आणि तिच्या लक्षात आलं की हे पत्र पुन्हा पुन्हा येतं आहे.

“काका, मिसरोदला आपलं ऑक्सिजनचं मशीन कोणाकडे आहे?”

उदयकाकांनी गिरीशला विचारलं, गिरीशने नोंदी बघितल्या. “मिसरोदला आपलं एकही नाही. दुसऱ्या कोणाचं असेल.”

“मग यांना फोन कसा करायचा? नाव तर ‘प्र’वरच तुटलंय.”

गिरीश वर्तमानपत्र चाळत होता. तो म्हणाला, “शनिवारी मिसरोदची लाइट जाणार आहे बरं का. मेंटेनन्स. दहापासून.”

मित्रांनो, ते वाक्य ऐकलं आणि माझा जीव टांगणीला लागला. शनिवार अगदी तोंडावर आला होता. ते यंत्र विजेशिवाय एक क्षणही चालत नाही, हे दुकानातल्या सगळ्यांना पाठ होतं. म्हणूनच ते कुठेही लिहिलेलं नव्हतं. ज्यांना माहीत असतं त्यांना ते सांगण्यासारखं वाटत नाही.

केतकीने त्याच संध्याकाळी लेख लिहून काढला. मी तो ओळ न् ओळ बघत होते, कारण माझी अडचण वेगळी होती. आजोबांचे सगळे शब्द त्या पानावर असायला हवेत, एक जरी राहिला तरी मी पान आणू शकणार नाही. पोरीला ते ठाऊक होतं. तिने मथळाच दिला, ‘वीज गेल्यास ऑक्सिजनचे यंत्र किती वेळ चालते?’ आणि सुरुवात केली, ‘मिसरोद येथील एका वाचकाने, कृपया कळवावे, असे आम्हाला विचारले आहे. घरी पत्नीचे यंत्र चालू असते, म्हणून ते आपला प्रश्न विचारतात.’ शेवटी तिने ‘आपली विश्वासू’ लिहिलं, ते खोडून ‘विश्वासू’ तेवढं सुटं ठेवलं, आणि ‘प्र’ कुठे घालावा म्हणून डोकं खाजवत बसली. तळाशी तेच सगळं हिंदीतही लिहिलं.

पण काकांनी लेख चढवू दिला नाही. “औषधपाण्याची गोष्ट आहे बेटा. कौस्तुभला दाखवल्याशिवाय एक अक्षर जाणार नाही.” कौस्तुभ म्हणजे यंत्रांची दुरुस्ती करणारा, आणि तो नेमका विदिशाला गेलेला. काकांचं म्हणणं बरोबर होतं, हे मला कळत होतं. चुकीचं उत्तर लाल अक्षरांपेक्षा वाईट. पण शुक्रवारी संध्याकाळी मिसरोदचं पत्र पुन्हा आलं. लेख तयार होता, दोन पावलांवर होता, आणि तरीही मला ‘काहीही सापडले नाही’ असंच सांगावं लागलं. इतकं खोटं मी आयुष्यात बोलले नव्हते.

शनिवारी दुकान उघडताना कौस्तुभ आला. त्याने उभ्या उभ्याच वाचलं आणि सांगितलं, “घरच्या इन्व्हर्टरवर भरवसा ठेवू नका, हे आधी लिहा. वीज जाताच यंत्र बंद पडतं, शिटी वाजते, तेही घाला. यंत्रासोबत दिलेला ऑक्सिजनचा सिलिंडर भरलेला आहे का ते आजच बघा म्हणावं, आणि त्याची चावी डावीकडे फिरवायची. ऑक्सिजन डॉक्टरांनी सांगितला असेल तेवढाच ठेवायचा. जवळ उदबत्ती, निरांजन काही नको. आणि सिलिंडर नसला किंवा धाप वाढली तर वाट न बघता अ‍ॅम्ब्युलन्स.” केतकीने सगळं घातलं, दुकानाचा फोन नंबर वरच टाकला, आणि लेख चढवला. दहा वाजायला फार वेळ उरला नव्हता.

मग मी वाट बघत बसले. दहा वाजून गेले आणि माझ्यात अक्षरं उमटू लागली. एकेक, थांबत थांबत. पण ते पत्र नव्हतं. मिसरोद नाही, कृपया नाही. ‘वीज गेली यंत्र बंद’.

ज्या शब्दांची इतकी तयारी केली होती त्यातले दोनच आले होते, बाकीचे नवे. वीज, आहे. यंत्र, आहे. बंद? कौस्तुभने सांगितलं म्हणून घातलेल्या ओळीत होता, ‘यंत्र बंद पडते व शिटी वाजते’. आणि गेली? मी धावत खाली गेले. ‘वीज गेली की घाबरू नये’. केतकीने ते पहिल्याच संध्याकाळी सहज लिहिलं होतं. मी पान उचललं आणि आजोबांच्या पुढ्यात ठेवलं.

पान थोडा वेळ उघडं राहिलं. मग पुन्हा अक्षरं आली. ‘सिलिंडरची चावी कोणीकडे फिरवावी’. मी पुन्हा धावले. ‘सिलिंडरची चावी डावीकडे फिरवावी’ असं स्पष्ट लिहिलेलं होतं. पण ‘कोणीकडे’ हा शब्द पानावर कुठेच नव्हता. मी लाल अक्षरं पुढे केली. मित्रांनो, ती पुढे करताना मला जे वाटलं ते तुम्हाला सांगता येत नाही. उत्तर त्यांनी आत्ताच मिटलेल्या पानावर होतं, थोडं खाली सरकलं असतं तर दिसलं असतं, आणि हे सांगायची मला परवानगी नव्हती.

त्यानंतर काहीच आलं नाही. केतकी दिवसभर फोनपाशी बसून होती. फोन वाजत होते, पण ते पलंगांचे आणि गाद्यांचे. अनोळखी दुकानाला फोन करून त्रास द्यायचा संकोच वाटणारी माणसं अजून आहेत. दुपार गेली. दुकान बंद झालं. रविवार आला. मी काय काय कल्पना केल्या त्या सांगून तुम्हाला घाबरवत नाही.

रविवारी उन्हं उतरताना माझ्यात अक्षरं उमटली. ‘मिसरोद. सिलिंडर उघडला. आता कृपया कळवावे की नळी असताना पत्नीचे केस कसे धुवावेत. ती हट्ट करीत आ’.

सोमवारी केतकीने ते मोठ्याने वाचून दाखवलं. उदयकाकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “हट्ट करतेय म्हणजे श्वास ठीक चालू आहे,” ते म्हणाले. “लिही बेटा. कौस्तुभला मी बोलावतो.”

आता माझं वय झालं आहे. पराग म्हणतो, या जुन्या चौकटीच्या जागी नवी हुशार चौकट बसवू, अर्धामुर्धा शब्द ओळखणारी. बसवा, माझी तक्रार नाही. माझी विनंती एवढीच आहे, मित्रांनो, की नवी आली तरी मागे साठलेले प्रश्न वाचायला माणूस बसवा. कोणी काय जास्त वेळा विचारलं एवढंच बघू नका. कोण विचारून रिकाम्या हाताने परत गेलं, तेही बघा. आणि उत्तर द्याल ते विचारणाऱ्याच्या शब्दांत द्या, आपल्या नाही.

बाकी आत्ता मला बोलायला फार वेळ नाही. केस धुण्याचा लेख केतकीने नुकताच चढवला आहे, आणि त्यात ‘नळी’, ‘केस’ आणि ‘हट्ट’ हे तिन्ही शब्द आले आहेत की नाहीत, ते मला एकदा बघून घ्यायचं आहे.