पाव्हणीचा कागद

जेठ सरत आला तरी आभाळ कोरडंच होतं. शेरवाडीच्या माळावर मेंढरांची कातरणी चालू होती. मुंजाबा कातर चालवत होता आणि त्याची बायको वच्छलाबाई मेंढीचे पाय धरून बसली होती. तेवढ्यात मुंजाबाचा पुतण्या रामेश्वर मोबाईल हातात धरून आला. गावात ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान त्याचं. पीकविमा, जातीचा दाखला, रेशनकार्ड, सगळं भरायचा. म्हणून वच्छलाबाईचा इंग्लंडचा फॉर्मही त्यानंच भरला होता.

"काकू, व्हिसा नामंजूर झाला," तो म्हणाला.

वच्छलाबाईनं मेंढीचे पाय सोडले नाहीत. "काहून?"

"ते म्हनतेत, तू तिथं कामाला चालली."

"कुनाच्या कामाला?"

"अंबिकाच्या."

मुंजाबानं कातर खाली ठेवली. अंबिका त्यांची एकुलती एक लेक. पाच वर्षांपूर्वी नर्स म्हणून इंग्लंडातल्या लीड्स गावी गेलेली. तिला श्रावणात दिवस भरत होते, पहिलं बाळ होतं. जावई आदिनाथला आई नव्हती. बाळंतपणाला आईच पाहिजे, असं लेकीनं फोनवर चारदा सांगितलं होतं.

"तू लिवलंस काय?" मुंजाबानं विचारलं.

"खरं तेच लिवलं. बाळ सांभाळायला चालली, सा महिने ऱ्हाईल, म्हंजी अंबिकाला लवकर डुटीवर जाता यील."

"मग?"

"लेकरू सांभाळनं हे काम हाय म्हनं. भेटीच्या व्हिसावर काम चालत नाय. आता असं करू काका, लिवू का काकू तिथला राजवाडा पाह्यला चालली."

"मला राजवाड्याचं काय करायचं?" वच्छलाबाई म्हणाली. "त्यो पडला तरी मला सुतक नाय. मपली लेक बाळंत व्हायलीय."

अर्धी कातरलेली मेंढी उठून चालायला लागली. तिला धरून आणण्यात पुढची चर्चा राहून गेली.

दोन दिवसांनी नवरा-बायको फुलंब्रीहून एसटी धरून शहरात गेले. फुलंब्रीच्या बाजारात बकऱ्यांचा व्यापार करणारा जहांगीर मुंजाबाच्या जुन्या ओळखीचा. त्याच्या पोरानं, सरफराजनं, शहरात परदेशी जाणाऱ्यांचे कागद करायचं ऑफिस टाकलं होतं. भिंतीवर विमानाचं चित्र, आणि खाली चार खुर्च्या.

सरफराजनं नामंजुरीचा कागद दोनदा वाचला. "मावशी, तुमच्या पुतन्यानं भेटीच्या फॉर्मात नोकरी लिवून दिली. लिखाई अच्छी है, पण फॉर्म गलत."

"जानं म्हंजी जानं. त्यात परकार कसले?" वच्छलाबाईनं विचारलं.

"असतेत. भेटीला जानाऱ्याचा एक, शिकायला जानाऱ्याचा दुसरा, कामाला जानाऱ्याचा तिसरा, आन कायमचं ऱ्हानाऱ्याचा चौथा. ज्याचा कागद त्यानंच वापरायचा. शिकायला गेला त्यानं शिकायचं सोडून पूर्ण वेळ दुकान टाकलं तर त्याला माघारी लावून देतेत. भेटीला गेला त्यानं भेटायचं. नातवाला मांडीवर घेतलं तर कुनी काय म्हनत नाय, पर दाई म्हनून जायचं नाय."

मुंजाबानं मान डोलावली. परमुलखात मेंढरं घेऊन हिंडण्यात त्याचा जन्म गेला होता. "म्हंजी पाव्हना, शाळेतलं पोरगं, खतासाठी शेतात बसवलेली मेंढरं, आन घरजावई."

सरफराजनं जरा विचार केला. "हौ चाचा. वैसाच समजा."

"मंग आमी पाव्हनेच हाव," वच्छलाबाई म्हणाली. "तसं लिव."

"लिवतो. किती दिवस?"

"सा हप्ते. बाराव्याला नाव ठिवून, लेक उठून-बसून व्हइस्तोर."

"आन माघारी काहून यायचं, ते सांगा. साहेब पह्यलं तेच बघतो."

हे मात्र वच्छलाबाईला लागलं. "दारात आलेल्या पाव्हन्याला कधी जानार म्हनून इचारायचं, ही कोनती रीत?"

"अगं, आपल्याला कोन इचारत नाय?" मुंजाबा म्हणाला. "मेंढरं घेऊन शिवंत पाय टाकला का पाटील आधी तेच इचारतो. पानी नंतर इचारतो."

मग तिनं सांगितलं आणि सरफराजनं लिहिलं. दिवाळीच्या तोंडाला मेंढ्या व्यायच्या, तेव्हा दोघांशिवाय भागत नाही. दोन एकर मुरमाड रान आहे, त्यात तूर आहे. नवरा घरीच राहणार आहे. त्याला भाकरी थापता येते, पण ती गोल होत नाही. शेवटचं वाक्य सरफराजनं गाळलं.

आषाढात बोटांचे ठसे द्यायला पुण्याला बोलावणं आलं. तोवर पाऊस लागला होता. एसटीच्या फाट्यापर्यंत चपलेला शेरभर काळा चिखल चिकटला. पुण्यात मशीननं तिची बोटं तीनदा नाकारली. शेण, माती, लोकर यांत रेषाच झिजून गेल्या होत्या. काचेमागची मुलगी म्हणाली, "आजी, बोटं जरा ओली करा." वच्छलाबाईनं ती डोक्याच्या तेलकट केसांवरून फिरवली आणि पुन्हा ठेवली. चौथ्यांदा ठसे उमटले.

व्हिसा आला. मागितले होते सहा हप्ते, मिळाले सहा महिने.

विमानतळावरच्या साहेबानं दुभाष्याकडून विचारलं, किती दिवस? ती म्हणाली, सा हप्ते. काय करणार? भेटनार. त्यानं शिक्का मारला.

ती पोचली त्याच्या तिसऱ्या दिवशी अंबिकाला मुलगी झाली. वच्छलाबाईनं न्हाणीघरात पाय पसरून नातीला तेल लावलं, पाणी घातलं, धुरीसाठी निखारा मिळेना म्हणून हीटरपुढं शेकलं. काम कुठलं आणि भेट कुठली, हे ठरवायला तिथं कुणी आलं नाही. बाराव्या दिवशी नाव ठेवलं, ज्ञानेश्वरी. बघता बघता पाच हप्ते गेले.

सहाव्या हप्त्यात अंबिका पलंगावर बसून रडायला लागली. "आई, थांब ना गं. आदिनाथची सुट्टी संपली. मी एकटी घरात काय करू? व्हिसा सहा महिन्यांचा आहे. थांबलीस तर कायद्यानंसुद्धा चालतंय."

वच्छलाबाई बराच वेळ बाळाच्या टाळूवर हात ठेवून बसली. राहावं असं तिलाही वाटत होतं. मेंढ्यांची वीण काय, मुंजाबा एकटा कशीबशी उरकील.

"अंबे, बोलल्यापरीस चार दिस मेंढरांचा वाडा जास्त ठिवला तर पुढल्या साली त्या शेतात कुनी बसू देतंय का?"

अंबिका धनगराचीच लेक. उठून आईच्या लुगड्यांच्या घड्या घालायला लागली.

पौषात अंबिकाचा फोन आला. तिला तिथं कायमचं राहायचा कागद मिळाला होता. "आता तुमाला दोघांना इकडंच आणते," ती म्हणाली. "सरफराजभाईला इचारा." मुंजाबानं धुतलेलं धोतर नेसलं आणि दोघं परत शहरात गेले.

सरफराजनं चहा मागवला. चहा पिता पिता तो सांगू लागला.

"चाचा, मायबापाचा कायमचा व्हिसा लई अवघड. भेटीला आपुन दाखवलं, इथं आपलं सगळं हाय. याला उलटं दाखवावं लागतं. आंघोळ, जेवन, उठनं-बसनं आपल्या हातानं व्हत नाय. आन इथं करनारं कुनीच नाय, कुनी मिळतबी नाय."

"मला तर सगळं व्हतंय," मुंजाबा म्हणाला.

"तेच तर."

"आन मला नाय झालं तर ही हाय."

"हौ. तेबी नडतं."

वच्छलाबाईनं कपबशी खाली ठेवली. "म्हंजी आमच्यातलं एक जाऊन दुसरं आंथरुनाला खिळलं, का मंग घेतेत."

"तव्हाबी घेतीलच असं नाय, मावशी. अर्ज करता येतो."

बाहेर रिक्षावाला कुणाशी तरी भांडत होता. मुंजाबा त्याच्याकडे बघत बसला.

"मंग भेटीचाच भर," वच्छलाबाई म्हणाली. "सा हप्त्यांचा. नात रांगायला लागल तव्हाचा."

"चाचांचाबी भरू?"

"आत्ता नगं. मेंढरं कुनी बघायची?"

सरफराजनं कॉम्प्युटर ओढला. नाव, गाव, जन्मसाल भरलं. मग थांबला. "माघारी यायचं कारन काय लिवू?"

वच्छलाबाईनं नवऱ्याकडं एकदा पाहिलं.

"लिव, नवरा अजून चालता-फिरता हाय."

त्यानं ते इंग्रजीत लिहिलं. कसं लिहिलं ते तिनं विचारलं नाही.