बंद इंजिनात चौतीस

मित्रांनो, मी एक जुना दाबमापक आहे. विमान चालवणाऱ्याच्या समोरच्या फळीवर बसणारी तळहाताएवढी गोल तबकडी. आयुष्यात मी खूप उंची पाहिली, हाडे गोठवणारी थंडी सोसली; पण एका सकाळी मला जो धक्का बसला, तो अजून ओसरलेला नाही. काच पुसायला कोणाचे बोट जवळ आले तरी माझा काटा थरथरतो.

आधी माझे काम सांगतो, म्हणजे तो धक्का तुम्हालाही कळेल. इंजिनाला पेट्रोल लागते हे सगळ्यांना ठाऊक असते. त्याहून कितीतरी जास्त त्याला हवा लागते, हे फारसे कोणी लक्षात घेत नाही. विमानाच्या नाकाखाली एक तोंड असते. तिथून हवा आत शिरते, गाळणीतून जाते, नळीतून वळते आणि इंजिनाच्या घशाशी पोहोचते. त्या घशापासून एक बारीक नळी माझ्या पाठीशी येते. घशात हवेचा दाब किती, एवढेच मी सांगतो. इंजिन बंद असले की आतबाहेर हवा सारखीच; तेव्हा समुद्रसपाटीला मी पाऱ्याच्या इंचांत साधारण तीस दाखवतो. इंजिन मंद चालले की हवेची वाट जवळजवळ मिटलेली असते, तेव्हा माझा काटा पंधराच्या खाली उतरतो. वाट पूर्ण उघडली की पुन्हा तिसाच्या जवळ. तिथवर तो गेला नाही, तर समजावे की हवा कुठेतरी अडते आहे.

माझा जन्म एका लांबट खोलीत झाला. तिथे बारा बायका चिमट्यांनी काम करत आणि शिंक आली की बाहेर पळत, कारण माझ्या पोटातली पत्र्याची डबी शिंकेनेही उडाली असती. तिथून मी एका टपाल नेणाऱ्या विमानात गेलो. तिथला वैमानिक मला 'पंच' म्हणायचा. इंजिनाची कसलीही तक्रार असो, निवाडा माझा. एकवीस वर्षांनी ते विमान मोडीत निघाले आणि मी भंगारवाल्याच्या टोपलीत बिजागऱ्या आणि तुटक्या नळांखाली जाऊन पडलो. पंचाची ही गत! किती वर्षे गेली ते मला सांगता येणार नाही. अंधारात हवेचा दाब तेवढा कळतो, तारीख कळत नाही.

टोपलीतून मला उचलले ते ताईने. ताई वेल्डर होती. तिची धाकटी बहीण विमान चालवायला शिकवायची. घरात तिला चिमणी म्हणत. त्या दोघींनी लहानशा धावपट्टीच्या कडेला एक पत्र्याची शेड घेतली होती आणि सहा वर्षे तिथे स्वतःचे दोन खुर्च्यांचे विमान बांधत होत्या. इंजिन त्यांनी अपघातात चेपलेल्या एका मोटारीतून काढले होते. मोटारीचे इंजिन विमानात, हा मला बसलेला पहिला धक्का. शिवाय ते नेहमीसारखे नव्हते. त्याच्यात वरखाली होणारे दट्टे नव्हतेच. तीन कोपऱ्यांची एक जाड लोखंडी चकती पोटात गरगर फिरायची. त्याची हवेची भूक तर राक्षसाची.

त्यांची आई रोज दुपारी डबा घेऊन यायची आणि पेट्रोलच्या रिकाम्या डब्यावर बसायची.

"सोन्यासारख्या दोन पोरी," ती म्हणायची, "आणि दोघींच्या नखांत काळं तेल. पाहुण्यांना काय, इंजिन दाखवू?"

"दाखव की," ताई म्हणायची. "आमच्यापेक्षा ते देखणं आहे."

पहिल्या उड्डाणाच्या आदल्या दिवशी त्यांनी विमानाची शेपटी दोरखंडाने खांबाला बांधली आणि इंजिन पूर्ण जोरात चालवले. शेडचा पत्रा थरथरू लागला. मी जे होते ते दाखवले.

"ताई, सव्वीस!" चिमणी ओरडली. "वर जातच नाही!"

इंजिन थांबले. ताईने हात पुसले.

"गेज म्हातारं झालंय. भंगारातलं आहे ते."

"आणि नळी? हवा कुठे अडत नाही ना?"

"नळीला काय धाड भरलीय? सहा महिने राबलेय मी त्या नळीवर."

"नाचता येईना, अंगण वाकडं," आई डब्यावरून म्हणाली.

"आई, तू गप गं. तुला काय कळतंय यातलं?"

"अंगण कळतं."

ताईने तरीही झाकण काढून नळी तपासली, दाबून पाहिली, आत बॅटरीचा उजेड टाकला. काळी रबरी नळी गोल, गुळगुळीत, निरोगी. चिमणीचे समाधान झाले. ती शिकवणीला निघून गेली.

संध्याकाळी ताई एकटीच खुर्चीत येऊन बसली. तिने शेपटीचा दोर पाहिला, इंजिन पुन्हा पूर्ण जोरात नेले आणि माझ्या काचेखालच्या बारीक स्क्रूला पेचकस लावला. मित्रांनो, त्या स्क्रूने काटा सरकवता येतो. सत्तावीस. अठ्ठावीस. एकोणतीस. माझ्या पोटातली डबी सव्वीस म्हणत होती आणि तोंड तीस म्हणू लागले. मी सुन्न झालो. ताई वाईट नव्हती हो! तिला खरोखरच वाटत होते की मी चुकतो आणि ती मला सुधारते आहे. बाहेरून आईने हाताने निघायची खूण केली. तिने घाईने इंजिन बंद केले आणि माझ्याकडे न पाहताच उतरून गेली.

इंजिन थांबल्यावर मी चौतीसवर जाऊन उभा राहिलो. चौतीस! पृथ्वीच्या पाठीवर मोकळी हवा कधी चौतीस भरत नाही. शेडमध्ये कोणी नव्हते. मी माझ्या आकड्यावर ताठ उभा होतो आणि कोणीतरी पाहावे एवढीच आशा करत होतो.

सकाळी आईही लवकर आली होती. चिमणी खुर्चीत बसली. ताईने आदल्या रात्रीच घरी "गेज ठीक केलंय" असे सांगून टाकले होते. चिमणीची एक शिस्त होती: इंजिन सुरू करण्याआधी प्रत्येक तबकडी मोठ्याने वाचायची. शिकणाऱ्यांनी वाचली नाही तर ती त्यांना खाली उतरवायची. आता तीच वाचू लागली; ताई खाली उघड्या खिडकीशी उभी होती.

"तेल, शून्य. फेरे, शून्य. पेट्रोल, पूर्ण. दाब, चौतीस. दरवाजा, बंद."

आणि तिने बटण दाबले.

माझा विश्वास बसेना. वाचले होते, अगदी बरोबर वाचले होते! इंजिन गरगरू लागले. ताईने चाकांपुढची लाकडे काढली. विमान हलले, धावपट्टीकडे वळले. तोच काचेतून मला ताई दिसली. ती पंखाच्या टोकाशी दोन्ही हातांत लाकडे घेऊन उभी होती आणि तिचे ओठ हलत होते. जणू कोणी सांगितलेला हिशेब ती मनात पुन्हा मांडत होती. मग तिच्या चेहऱ्यावरचे रक्तच उतरले. ती बाजूने धावत सुटली, हात वर करून लाकडे एकमेकांवर आपटत, ओरडत.

चिमणीने इंजिन बंद केले. पंखा थांबेपर्यंत ताई दाराशी पोहोचली होती.

"उतर! चिमणे, आधी उतर!"

"वेड लागलंय का तुला? चालत्या पंख्याजवळ येतेस?"

"काटा मी फिरवला. काल. तीस दिसावेत म्हणून फिरवला." तिला धाप लागली होती. "आत्ता बंद इंजिनात चौतीस आहेत म्हणजे मी फिरवायच्या आधी तीस होते. म्हणजे ते गेज बरोबरच होतं गं. सव्वीसही खरेच होते."

चिमणीने आणि आईने शेपटी पुन्हा खांबाला बांधली आणि नाकावरचे झाकण काढले. चिमणी खुर्चीत बसली. ताई आणि आई पंख्याच्या मागे, बाजूला उभ्या राहिल्या. इंजिनाचा जोर वाढत गेला. पूर्ण जोराला पोहोचताच आईने दोन्ही हात तोंडावर नेले.

"अगं, मिटली! मिटली ती नळी!"

वळणावरची ती निरोगी नळी गाल आत ओढावेत तशी आत गेली होती. दोन्ही बाजू एकमेकींना भिडायच्या बेतात. जोर कमी केला, तशी ती टुणकन पुन्हा गोल झाली, जणू काही घडलेच नाही. थांबलेल्या इंजिनात तिला शंभर वेळा तपासले असते तरी दोष सापडला नसता.

ताईने हातातल्या लाकडाने ते वळण दाखवले. "आत गुंडाळलेली तार असते तिच्यात. वळणावर बसेना म्हणून तेवढ्या भागातली तार मी ओढून काढली. मीच."

"गरम झाल्यावर अजून मऊ पडली असती," चिमणी हळू म्हणाली. "आणि तेव्हा मी झाडांच्या वर असते."

आई ताईजवळ सरकली. तिने ताईच्या हातातली लाकडे सोडवून घेतली. ती अजून घट्ट धरलेली होती.

मग चिमणीने विचारले, "तुला कळलं कधी?"

"तू वाचलंस तेव्हा."

"काय वाचलं मी?"

"दाब, चौतीस."

"मी? मी चौतीस म्हणाले?"

"मोठ्यानं म्हणालीस. पेट्रोल पूर्ण, दाब चौतीस, दरवाजा बंद."

चिमणीने माझ्याकडे पाहिले. इतक्या घाबरलेल्या नजरेने माझ्याकडे कोणीही कधी पाहिलेले नाही. ताईपेक्षा ती जास्त हादरली होती, कारण ताईने चूक केली हे ताईला आठवत होते. हिला मात्र स्वतःचा आवाजही आठवत नव्हता.

पुढे ताईने पत्र्याची नवी नळी जोडली. बंद इंजिनात माझा काटा तिने पुन्हा तिसावर आणला. पूर्ण जोरात मी साडेएकोणतीस दाखवले आणि ते विमान उडाले. पुष्कळ वर्षे उडाले. आता मी चिमणीच्या वर्गात खिळ्याला टांगलेला असतो आणि नुसता बाहेरच्या हवेचा दाब सांगतो.

मित्रांनो, आम्हा जुन्या यंत्रांना फार काही लागत नाही. एखादे कोरडे फडके पुरे. पण आम्ही नकोसे काही सांगितले, तर आमचे तोंड फिरवू नका; आधी वाट तपासा. आणि आम्हाला मोठ्याने वाचत असाल, तर जे तोंडाने म्हणाल ते एकदा स्वतःच्या कानांनीही ऐका.