पॅनेलची किल्ली

रविराजने खिशातून किल्ली काढली आणि पॅनेलचं दार स्वतः उघडलं. दसऱ्यापर्यंत ही किल्ली भट्टी सांभाळणाऱ्या सीतारामकडे असायची, थोरले मालक होते तेव्हापासून.

"हे बघा," तो तेजस्विनीला म्हणाला. धायरीतल्या या शेडमध्ये तिला त्याने मीटर तपासायला बोलावलं होतं. "भट्टी साडेआठशे अंशांवर असते आणि मीटरचा आकडा मध्येच नऊशेच्या वर उडी मारतो. मग भट्टी आपोआप बंद होते, माल कच्चा राहतो. दोन लॉट परत आले."

"कधीपासून?"

"दसऱ्यापासून. तेही याच्याच पाळीत." सीताराम जवळच उभा होता, तरी रविराजने आवाज खाली आणला नाही. "पूजेला सगळे हजर होते, हा सोडून. आपल्याच धंद्यातले समोरच्या शेडवाले याला बोलावून नेतात, तेही मला ठाऊक आहे. आज कारण सापडलं नाही, तर उद्यापासून याला घरी बसवणार."

सीतारामने हातातल्या फडक्याची घडी घातली.

"चहाला बोलावलं होतं, मालक. चहा बरा होता."

तेजस्विनीने दोघांकडे पाहिलं. "याच पाळीत आणखी काय चालू असतं?"

"मोठा पंखा," सीताराम म्हणाला. "माल गार करायला."

"लावा."

पंखा घुमू लागला आणि आकडा नाचायला लागला. रविराजचं लक्ष आकड्याकडे नव्हतं. तो सीतारामचे हात बघत होता. ते पाठीमागे बांधलेले होते.

तेजस्विनी केबल चाचपत पॅनेलपासून भट्टीकडे निघाली.

"या केबलवर तांब्याची जाळी असते. मोटारींचा त्रास ती अडवते आणि अर्थिंगमधून जमिनीत सोडते. पण अर्थिंग एकाच टोकाला, पॅनेलकडे. दुसरं टोक कुठंही टेकायला नको. टेकलं, की जाळीतून करंट फिरत राहतो आणि आकडा हलतो."

केबलच्या दुसऱ्या टोकाला, भट्टीचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरपाशी ती थांबली. तिथं झेंडूचा वाळलेला हार होता. दसऱ्याचा हार पुढच्या दसऱ्यालाच उतरवायचा, अशी शेडची रीत. पण फुलं दोऱ्यात नव्हती, उघड्या तांब्याच्या तारेत ओवलेली होती. तारेचा पीळ केबलच्या टोकावर आवळून भट्टीच्या बोल्टला गुंडाळला होता. खालची चिकटपट्टी फाटून जाळी उघडी पडली होती.

तिने पीळ सोडवला. पंखा चालूच होता. आकडा साडेआठशेवर येऊन थांबला.

"तारेत कुणी ओवला हा?"

रविराजने सवयीने सीतारामकडे पाहिलं.

"दसऱ्याला आम्ही विहारात असतो, मॅडम," सीताराम म्हणाला. "थोरल्या मालकांपासूनची सुट्टी आहे ती."

रविराजचा अंगठा तर्जनीवरून फिरला. तार आवळताना कापलेली बारीक रेघ तिथं अजून होती. त्या दिवशी ऐनवेळी दोरा संपला होता.

त्याने किल्ली तळहातावर घेऊन हात पुढे केला.

"काका, ही घ्या."

सीतारामने खाली गळालेली फुलं फडक्यात गोळा केली आणि त्याच तळहातावर ओतली. किल्ली दिसेनाशी झाली.

"पूजेची आहेत. केरात नकोत."

"आणि किल्ली?"

"असू द्या तुमच्याकडेच." सीताराम पंखा बंद करायला वळला. "पुन्हा आकडा हलला, तर माझ्याकडे बघायचा त्रास नको तुम्हाला."