नव्या कोटाला ठिगळ

इझीकेल स्ट्राउडचा कोट नवा कोरा होता आणि त्याच्या कोपरावर अल्मायराला ठिगळ लावायचं होतं. कॅन्ससच्या गव्हाच्या मुलुखात नवा कोट घालून भाषण ठोकलं तर मतं जातात, असं तिच्या नवऱ्याचं ठाम म्हणणं. निवडून येण्याआधी त्याचा कोट खरोखरच फाटका होता. टोपेकाच्या विधानसभेत एक हिवाळा काढून आल्यापासून गरिबी घरी शिवून घ्यावी लागत होती.

"जरा वाकडंच लाव," आरशासमोर दाढी विंचरत तो म्हणाला. "सरळ टाके बघून कोण हळहळतं?"

"आणि रेल्वेच्या फाटकाचं काय झालं ते आज सभेत सांगणार आहात ना?"

"सांगेन गं. सगळं एकदम सांगायचं नसतं."

शाळेच्या वाटेवर रेल्वेचे रूळ होते आणि त्यांना फाटक नव्हतं. त्यांची सहा वर्षांची मुलगी हेटी रोज ते ओलांडून जायची. गाडी वळणाआडून यायची. शिटी झाली की अल्मायरा हातातलं टाकून दारात धावायची. मागच्या वर्षी पेटिबोन बाईंची गाय तिथंच चिरडली. शाळांजवळ रेल्वे कंपन्यांना फाटकं बांधायला लावीन, या एका वचनावर स्ट्राउड आमदार झाला होता. "रेल्वेवाल्यांची मुंडी पिरगाळीन!" असं तो इतक्या जोरात ओरडायचा की तान्ही पोरं दचकून रडायची.

कोट उलटा करताना आतल्या खिशातून एक जाड कागद निघाला. रेल्वे कंपनीचा शिक्का. 'आमदार ई. स्ट्राउड. सर्व गाड्या. विनामूल्य.' तारीख चौदा फेब्रुवारी.

फाटकाचा ठराव पंधराला एका मताने पडला होता. अल्मायरा वर्तमानपत्र ओळ न् ओळ वाचायची. गैरहजर आमदार एकच होता. घसा बसला होता म्हणे! 'हो' म्हणायला असा कितीसा घसा लागतो?

तिने सुई ओवली आणि तो पासच कोपराच्या मागच्या बाजूला शिवून टाकला. अगदी सरळ टाक्यांनी.

सभेत तळलेली कोंबडी आणि ॲपल पाय खाऊन लोक सुस्तावले होते. स्ट्राउड घोडागाडीवर चढला आणि त्याने मूठ उगारली.

"अहो आमदारसाहेब," पुढच्या रांगेतून पेटिबोन बाई ओरडल्या, "कोपरावर 'विनामूल्य' लिहिलंय ते काय? तुमचा भाव का?"

हशा पिकला. स्ट्राउडने कोपर वळवून पाहिलं आणि क्षणभर पांढराफटक पडला. क्षणभरच. मग त्याने पास टरकन उपटला.

"बघा! मला विकत घ्यायला निघाले होते! तुम्हाला दाखवावं म्हणून हा कलंक मी अंगावर वागवत आणला!" आणि त्याचे चार तुकडे केले.

"याला वॉशिंग्टनला पाठवा!" लोकांनी टोप्या उडवल्या.

"आणि मत?" मागच्या बाकावरून अल्मायरा उठली. "मत का नाही दिलंत?"

तेवढ्यात बँड सुरू झाला.

सोमवारपासून ती स्वतःच रुळांशी उभी राहू लागली. लाल परकराचा तुकडा काठीला बांधून ती पोरांना थोपवायची, मोजून पलीकडे न्यायची.

शनिवारी शेजारच्या तालुक्यात स्ट्राउडने नवं भाषण केलं. "माझी स्वतःची बायको, बंधूंनो, गाडीपुढे उभी राहते!" बायकांनी डोळे पुसले. दोन दिवसांनी अल्मायराने ते वर्तमानपत्रात वाचलं, रुळांशी उभ्या उभ्या. शिटी ऐकू आली. तिने पेपर बगलेत मारला आणि हेटीची कॉलर घट्ट धरली.