पाव लिटर

"काका, सीन बढिया आहे, पन हा डायलॉग नाही, अर्जी आहे," पूर्णिमाने पानं परत सरकवली.

कडूकाका खुर्चीतल्या खुर्चीत ताठ झाले. बुऱ्हाणपूरच्या तहसील कचेरीबाहेर टाइपरायटर मांडून तीस वर्षं त्यांनी लोकांचे अर्ज लिहिले होते. समोरचा माणूस म्हशीपासून मेव्हण्यापर्यंत सगळं सांगत सुटायचा. काका त्यातलं बहुतेक गाळून चार ओळींचं चोख निवेदन उतरवायचे. गाळण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. बोलीचे जाणकार म्हणून पूर्णिमाने आपल्या पहिल्या सिनेमाचे संवाद त्यांच्यावर सोपवले, तेव्हा त्यांनी गल्लीभर दराब्याची मिठाई वाटली होती. आता चार वाजता नटमंडळींसमोर वाचन होतं. तोवर हा सीन जमला नाही, तर संवाद इंदूरचा कुणीतरी लिहिणार होता. मग गल्लीत तोंड दाखवायची चोरी.

सीन साधाच होता. फोपनार गावचा केळीवाला दवाखान्यात बसलाय, बायको शेवटच्या घटका मोजतेय. काकांनी तिच्या तोंडी पानभर मजकूर घातला होता: माझ्यामागे स्वतःला जपा, मुलांना अंतर देऊ नका.

"असं कोन बोलतं, काका?" पूर्णिमा म्हणाली. मग जरा चाचरत, "उषाकाकू जाताना काय बोलल्या होत्या?"

"काई नाही." दोन वर्षं काका सगळ्यांना हेच सांगत आले होते. "दुधाचं काईतरी बडबडली."

"दुधाचं काय?"

"दूधवाल्याले सांगजा म्हने, उद्यापासून पावच घाल."

बोलून झालं आणि काका एकदम थांबले. अर्धा लिटर दोघांचं होतं. आपण जातोय हे ती सांगत होती, आणि जाता जाता त्यांच्या एकट्याच्या चहाची सोय लावत होती. तेवढंच नेमकं त्यांनी गाळलं होतं. काकांना स्वतःचा भयंकर राग आला.

त्यांनी पानावर आडवी रेघ मारली आणि खाली ती एक ओळ लिहिली.

"आणि नवरा?" पूर्णिमाने हळूच विचारलं.

काकांनी लिहिलं, 'गप पड. हे काय दुधाचं बोलाची वेळ आहे?'

"त्याले थोडं चांगलं बोलू द्या ना काका. बस एक लाइन."

"मले बी लय वाटते, बेटा," काका म्हणाले, "पन तो नाही बोलला."

चारच्या वाचनात शोभाबाईंनी बायकोची ओळ वाचली. नवऱ्याचं काम करणाऱ्या नटाने 'गप पड' एवढं वाचलं आणि पान खाली ठेवलं. त्याच्याने पुढचं लवकर वाचवेना. संवाद काकांकडेच राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी लोटू दूधवाल्याने नेहमीसारखं अर्ध्या लिटरचं माप भरलं. दोन वर्षं त्यातलं निम्मं नासत होतं. काकांनी पातेलं मागे घेतलं.

"आजपासून पावच घाल, लोटू."

"काहून काका, काय झालं?"

"काई नाही. तिनं सांगतलं होतं," काका म्हणाले. "माह्याच ध्यानात राह्यलं नाही."